मुहूर्ताची खेप

"उन्हात नको, माय! सावलीत ठेव, सावलीत!"

प्रवीण ट्रकखालूनच ओरडला. सोजरबाई धुतलेला एअर फिल्टर अंगणात उन्हात वाळत घालायला निघाली होती. घागरीएवढं ते धूड छातीशी धरून ती जागीच थांबली.

"काऊन रे? पापड तं उन्हातच वाळते."

"हा पापड नोहे. उन्हानं जाळी कडक होते अन् मंग फाटते. आन् ध्यानात ठेव, हाताले वला लागला तं गाडीत बसवाचा नाई म्हंजे नाई. इंजिनाचा दम घुटते."

सोजरबाईने मान डोलावली. तिचा या गाडीवर पोरापेक्षा जास्त जीव. फिल्टरच्या डब्याच्या कड्या उघडायला तीच पुढे, जाळी आतून बाहेर पाणी सोडून धुवायलाही तीच. नार्नूरच्या बाया हसायच्या, तर ही म्हणायची, "हसा, हसा. माह्या घरचं खटलं याच्यावरच चालते."

खोटं नव्हतंच ते. कापसाच्या खेपांना कागदी फिल्टर टिकत नसे. उडता कापूस आणि रस्त्याची धूळ मिळून त्याचं तोंड पार बंद करून टाकत. म्हणून प्रवीणने आदिलाबादला नागेशच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून हा धुऊन वापरायचा फिल्टर आणला. घेतानाही गड्याने घाई केली नाही. कडेचं रबर बोटांनी गोल दाबून पाहिलं, जाळी उजेडाला धरली, मगच हो म्हणाला.

"अन्ना, एकच गोष्ट," नागेश म्हणाला होता, "याची हयगय करू नको. कापसाच्या रस्त्यावर धूळ आत गेली, तं एका खेपेत इंजिन खल्लास समज."

हे प्रवीणला सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यातच इंजिन पूर्ण खोलून नवं बांधलं होतं. पुन्हा बांधायची ऐपत या घरात उरली नव्हती.

आणि नेमकी आता संधी आली होती. आदिलाबादची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, सुरू होते त्या दिवशी कापसाची जी गाडी पहिली फाटकात शिरते, तिची पूजा होते, नारळ फुटतो. यंदा जिनिंगचे मालक रामाजी सेठ यांनी वर जाहीरच केलं होतं, "मुहूर्ताची गाडी ज्याची, नार्नूरकडचा सारा हंगाम त्याचा." गावातल्या बंडूकडे नवा कोरा ट्रक होता. तो चौकात मिशीला पीळ देत म्हणे, "प्रवीणचा डब्बा चढावरच बसते पाहा!"

दुसऱ्या दिवशी सोजरबाई बाजाराला गेली. फिल्टर खडखडीत वाळला होता. प्रवीणने जाळीच्या प्रत्येक घडीवर त्याचं खास तेल सोडलं, चांगलं मुरू दिलं आणि फिल्टर डब्यात बसवून कड्या खटाखट लावल्या. संध्याकाळी कापूस भरून गाडी दारात उभी केली. वा रे वा! स्वतःवरच खूश झाला पठ्ठ्या.

सकाळी तो न्हाणीत होता, तोच रस्त्यावर बंडूचा हॉर्न वाजला. मेला पुढे निघाला! प्रवीण ओल्या डोक्यानेच केबिनमध्ये चढला. आरशात दिसलं, सोजरबाई दोन्ही हात वर करून मागे धावते आहे, काहीतरी ओरडते आहे. आईचा आशीर्वाद तो! प्रवीणचा ऊर भरून आला. त्याने जोरात हॉर्न दिला आणि गाडी सोडली.

आणि काय गाडी पळाली! इंजिनातून नवीच शिट्टी येत होती, अगदी खणखणीत. पायाखाली ओढ अशी, की जणू मागे कापूस भरलाच नाही. "एका धुण्यात ही कमाल!" प्रवीण एकटाच केबिनमध्ये हसला.

खिशात फोन वाजत होता. वाजू दे. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही सोजरबाईनेच घातलेली शपथ होती.

उटनूर मागे पडलं. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि नुसता धुरळा उडत होता. त्या धुरळ्यातच बंडूचं बूड दिसलं. चढ लागला. बंडूने गिअर उतरवला, आणि प्रवीण शिट्टी वाजवत त्याच्या बाजूने वर निघून गेला. खिडकीतून बंडूचा वासलेला जबडा पाहून त्याला असा आनंद झाला, की विचारू नका! "डब्बा बसते म्हणे! बस आता तूच!"

जिनिंगच्या फाटकात पहिली गाडी प्रवीणचीच शिरली. नारळ फुटला, चाकांना कुंकू लागलं, प्रवीणच्या खांद्यावर शेला पडला. रामाजी सेठ हात जोडून सगळ्यांसमोर म्हणाले, "हंगाम तुमचा."

प्रवीणच्या डोळ्यांत पाणीच आलं. मागून बंडू पोहोचला आणि खाली मान घालून म्हणाला, "काय घातलं बाप्पा इंजिनात?"

"फिल्टर!" प्रवीण छाती फुगवून बोलला. "जाळीचा फिल्टर. धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं. थांबा, समद्याईले दाखवतो."

लोक डब्याभोवती गोळा झाले. त्याने पहिल्या कडीला हात घातला आणि फोन पुन्हा वाजला. सोजरबाईच. ही बातमी आधी तिलाच! सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने स्पीकर लावला.

"माय! जितलो आपण! मुहूर्ताची गाडी आपली!"

"देव पावला रे बाबू! पण किती फोन केले तुले! तू न्हाणीत होता तवा म्या तुह्या फिल्टरले हात लावून पाह्यला, तं वला चिप्प. तूच सांगतलं होतं ना, म्हून काढून सावलीत ठेवला अन् डब्याच्या कड्या जशाच्या तशा लावून देल्ल्या. तुले सांगाले मागं धावली, तं तू हॉर्न वाजवून गेलास. आता सांग, काय करू? अजूनही हाताले चिकटूनच राह्यला मेला!"