गैरहजेरीचा विमा

डॉक्टर प्रोबर्ट यांनी तो रकाना आजही कोराच ठेवला होता. ग्लेंडा रॉथवेलने फॉर्म त्यांच्या टेबलावरून उचलला, पाहिला आणि पुन्हा तिथेच ठेवला. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

वेल्समधल्या त्या लहानशा गावातला दवाखाना ती मॅनेजर म्हणून एकोणीस वर्षं सांभाळत होती. दर मार्चमध्ये गैरहजेरीच्या विम्याचं नूतनीकरण यायचं. डॉक्टर, नर्स, मॅनेजर, कुणीही आजारी पडून घरी बसलं, तर बदलीच्या माणसाचा खर्च कंपनी द्यायची. अट एकच, आधीचा आजार त्या रकान्यात लिहायचा, लपवायचा नाही. शेजारच्या खोऱ्यातला दवाखाना असल्याच लपवालपवीपायी बंद पडला होता. तिथली म्हातारी माणसं आता दोन बस बदलून इथे यायची.

आणि आता प्रोबर्ट लपवत होते.

नाताळाआधीच तिच्या लक्षात आलं होतं. चहाच्या सुट्टीत कप हातात धरून ते विचारायचे, आज वार कुठला, तारीख काय. आधी तिला थट्टाच वाटली. मग एकदा त्यांनी एक पत्ता सांगितला, ओवेन पार्कर, बेचाळीस, चॅपल स्ट्रीट, आणि म्हणाले, चहा संपला की मला आठवण करून द्या. ती काय त्यांची डायरी होती? चहा संपेपर्यंत चारदा फोन वाजला आणि पत्ता तिच्या डोक्यातून पार उडाला. डॉक्टर रागावले नाहीत. असू दे, म्हणाले. ज्या माणसाला गावातल्या तीन पिढ्या नावानिशी पाठ, त्याच्यावर ही वेळ यावी, याचं तिला फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. कागदावर घड्याळ काढा म्हणाले, अकरा वाजून दहा मिनिटांचं. बाहेरच्या खोलीत नवं घड्याळ लावायचंय म्हणे. घाईत तिने काहीतरी खरडून दिलं. त्यांनी त्याची नीट घडी घालून खिशात ठेवली.

तिने हे सगळं काउंटरवरच्या नेरिसच्या कानावर घातलं. नेरिस भली पोरगी. ड्युटीची यादी हल्ली तीच करायची, ग्लेंडाच्या डोक्यावरचा तेवढाच भार कमी. ती मात्र मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दमलाय, ग्लेंडा. थोडी सुट्टी घ्या ना."

सुट्टी घेऊन कसं चालेल? फॉर्मची मुदत उद्या संपत होती. खरं लिहिलं तर सख्ख्या भावासारख्या माणसाची कारकीर्द संपणार. नाही लिहिलं तर दवाखाना बुडणार. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी ती दार लोटून आत गेली आणि त्यांच्या समोर बसली.

"डॉक्टर, त्या रकान्यात खरं लिहावं लागेल."

प्रोबर्टनी चष्मा काढला. "माहीत आहे. म्हणून तर हात धजत नव्हता."

"स्मरणशक्तीचंच ना?"

त्यांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या लक्षात आलंय?"

"केव्हाच. तोंडावर कसं बोलायचं, हाच प्रश्न होता."

"माझंही तेच झालं होतं." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "वाटायचं, लिहिलं की सगळं संपलंच."

"संपत काही नाही. वेळेवर उपचार तरी होतील. आणि इथे कुणी एकटं पडणार नाही, एवढं मी सांगते."

"हे तुम्ही म्हणताय म्हणून लिहितो."

त्यांनी पेन उचललं. ग्लेंडाला मोकळं वाटलं, आणि रडूही आलं. उलट्या बाजूने ती वाचत होती. आजार, स्मृतिभ्रंशाची लक्षणं. केव्हापासून, नाताळाआधी. कसं कळलं, तीन चाचण्या, तिन्ही मी स्वतः घेतल्या. तिने हात पुढे करून त्यांच्या मनगटावर थोपटलं.

मग ‘आजारी कर्मचाऱ्याचं नाव’ या राहिलेल्या जागेत प्रोबर्टनी सावकाश, सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलं, ग्लेंडा रॉथवेल.