आबांचं मत

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पण पडदा काळा तो काळाच. मग आतून लांबलचक बीप वाजत राहायचे.

"गाडी खाली उभी आहे," थोरला दीर म्हणाला. "किती ताटकळायचं?"

धाकटी सून जमिनीवर बसून स्क्रीनची वायर काढून परत लावत होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिच्या सासऱ्यांची, आबांची वाचा गेली होती. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं. त्या बोटाने ते अक्षरं दाबत आणि कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचून दाखवी.

"आबांना न विचारताच तुमच्याकडे नेणार?"

"काल विचारलं की. मान हलवली त्यांनी."

"मान तर ते पाणी नको असलं तरी हलवतात, दादा."

तिचा नवरा खिडकीतून खालच्या गाडीकडे पाहत उभा होता. खुर्चीतले आबा एकटक तिच्या हातांकडे पाहत होते.

असे बीप म्हणजे मेमरीचं काहीतरी असणार, एवढं ती ऐकून होती. तिने प्लग काढला, स्क्रू फिरवले, डब्याची बाजू उघडली. आत धुळीचा थर होता. मेमरीची पट्टी तिने हळूच उपसली आणि तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवला. पट्टी परत बसवताना मात्र घोडं अडलं. एक टोक बसलं की दुसरं वर यायचं. जोर लावावा तर मोडायची भीती.

"अगं, पुरे कर आता." थोरल्याने आबांची बॅग उचलली.

तिने डोळे मिटून दोन्ही अंगठे दाबले. टक्.

प्लग. बटण. पंखा फिरू लागला. पडदा काळाच होता. मग एकच छोटासा बीप वाजला आणि पडद्यावर उजेड पडला.

तिने घाईघाईने कीबोर्ड आबांच्या मांडीवर ठेवला. "बोला आबा. मनात असेल ते बोला."

बोट सावकाश फिरलं. कॉम्प्युटरने आपल्या सपाट आवाजात वाचलं, "मी थोरल्याकडे जातो."

थोरल्याने बॅग खाली ठेवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"माझं काही चुकलं का, आबा?" तिचा आवाज चिरकला.

आबा बराच वेळ अक्षरं शोधत राहिले.

"नाही. तू थकलीस. सांगत नाहीस."

तिने धुळीचे हात पदराला पुसले आणि तिथेच बसून राहिली. नवरा खिडकीपासून हलला, तिच्याजवळ येऊन खाली बसला.

आबांचं बोट अजून कीबोर्डवर फिरत होतं.