चिंचोक्यांची बेरीज

"चकत्या बंद करा," कुमुदिनीबाईंनी दुसरीच्या वर्गाला सांगितलं. मुलांनी कानामागच्या चकत्यांची बटणं दाबली. जन्मापासून प्रत्येक उत्तर सांगणारा आवाज थांबला, तशी दोघं-तिघं रडवेली झाली. बाईंनी त्यांच्या ओंजळीत चिंचोके दिले.

"बाई, बेरीज शिकवायला बंदी आहे," दारातून तपासनीस म्हणाले. "नोकरी जाईल."

"जाऊ दे. उद्या चकतीनं खोटं सांगितलं, तर या पोरांना कळणार कसं?"

तेवढ्यात पुढच्या बाकावरची रेवा ओरडली, "आठ आणि सात पंधरा! बाई, कुणी नाही सांगितलं, माझं मलाच आलं!"

तपासनिसांनी निलंबनाचा कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर रेवासाठी पुढची बेरीज लिहिली.