टिल्लूकाम

“टिल्लूकाम!”

मिस्त्री गरजले आणि त्यांनी खुर्ची पायानं ढकलून दिली. होऊ घातलेला जावई कानापर्यंत लाल झाला. डुगडुगणार नाही अशी एक खुर्ची करून दाखव, मग माझी मुलगी माग, अशी त्यांची अटच होती. हा बिचारा एक पाय तासायचा, की दुसरा लांब वाटायचा. तासता तासता खुर्ची पार बुटकी झाली, पण डुगडुगायची काही थांबेना. लग्न चाललं होतं भुशात!

या सुतारखान्यात टिल्लूकाम याहून वाईट शिवी नव्हती. ती ऐकली की चांगल्या चांगल्या कारागिरांना जेवण जायचं नाही. पण हा टिल्लू कोण, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. “होता म्हणे एक दारुडा सुतार,” पॉलिशवाला म्हणाला. करवतवाल्यानं तर शपथेवर सांगितलं, की टिल्लूनं कुणाचंसं दार उलटं बसवलं आणि तोंड काळं केलं ते कायमचं. जावयाला त्या मेल्याचा असा काही राग आला! आपली गणती याच्यात?

तेवढ्यात मिस्त्रींची थोरली बहीण आली, भाचीसाठी पाहिलेला मुलगा बघायला. बसायला तिनं कोपऱ्यातलं जुनं स्टूल ओढलं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती बसली आणि स्टूल डुगडुगलं.

“अगं बाई! टिल्लू, तू केलेलं हे स्टूल अजून ठेवलंयस होय रे?”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. झुपकेदार मिशांचे, साठीचे मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, “हो, ताई.”

“बाबा याला सगळ्यांदेखत ओरडायचे, टिल्लूकाम, टिल्लूकाम! मग हा माझ्या कुशीत शिरून रडायचा.”

करवत थांबली. पॉलिशवाला उगाचच ब्रश शोधू लागला. जावयाला हसू आवरेना, पण मिस्त्रींचा चेहरा पाहिला आणि त्याला वाईटच वाटलं. त्यानं पुठ्ठ्याची घडी केली आणि गुपचूप स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली.

मिस्त्रींनी ते पाहिलं. मग ते त्या बुटक्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी तिच्यावर हात टेकला. खुर्ची डुगडुगली. मिस्त्रींनी तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं, तोंड मिटलं. मग घसा खाकरून ते पुन्हा गरजले,

“जावईकाम!”