चौथं भोक

ऑर्विलची बायको व्हर्ना वारली, आणि तिच्या आजोबांच्या जुन्या रायफलीला काडतुसात किती बंदुकीची दारू मानवते, हे तिच्याबरोबरच गेलं. हरणांच्या शिकारीच्या मोसमाआधी ते सापडावं म्हणून तो रोज चिमूटभर दारू वाढवून काडतुसं भरी. "आज तरी बरोबर आहे का गं?" असं पुटपुटून टेकडीपुढे लावलेल्या निशाणाच्या कागदावर तीन बार काढी.

भोकं चार पडत. चौथं खाली डावीकडे, व्हर्नाची गोळी नेहमी लागायची तिथेच.

"म्हाताऱ्या, तीनपुढे मोजता येत नाही होय?" शेजारचा ड्युई हसला.

"मग तूच बघ चल."

दोघं कागदापाशी गेले. तीन भोकांच्या कडा पलीकडे, टेकडीच्या बाजूला फाटल्या होत्या.

चौथ्याच्या कडा त्यांच्याकडे वळलेल्या होत्या.