टोमॅटोंची अढी

थंडी पडली तशी, सासूबाई गेल्यापासून गप्प झालेल्या माझ्या सासऱ्यांनी गच्चीतले हिरवे टोमॅटो तोडून खोक्यात अढी घातली. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंनी त्यांना एक सफरचंद दिलं. म्हणाल्या, "हे सोबत ठेवा, लवकर पिकतील."

तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी गुळगुळीत दाढी करून खाली जायचे. "अजून हिरवेच आहेत हो," म्हणायचे आणि चहा पिऊन, नवं सफरचंद घेऊन शीळ घालत वर यायचे. मी खोक्यात डोकावले, तर टोमॅटो खरंच हिरवेगार. शेवटी भाजीवाल्यालाच विचारलं, "आमच्या अढीतले टोमॅटो पिकत का नाहीत हो?"

 

"पिकतात की, ताई. लाल झाले की तुमचे सासरे माझ्याकडून हिरवे बदलून नेतात."