फक्त लाल

"बाटलीचं सील तोडू नकोस, पोरी," गॅरेजवाले दस्तगीरकाका म्हणाले.

मृदुला थबकली. वारलेल्या अप्पांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड झालं होतं, म्हणून तिनं दुकानातलं सगळ्यात महाग तेल आणलं होतं आणि बाटलीवरचं नाव काकांना वाचून दाखवलं होतं. आणि काकांना तर दहा वर्षांपासून दिसत नव्हतं!

काकांनी स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीत बोट बुडवलं, हुंगलं, अंगठ्यावर चोळलं. "तू आणलंस ते नव्या गाड्यांचं. हिला ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेलच लागतं. दुसरं घातलंस तर आतली रबरं खाऊन टाकील."

"बोटाला रंग कळतो, काका?" तिनं जरा घुश्शातच विचारलं आणि डबीचं झाकण पुसायला घेतलं. मळाखालून अप्पांनी खिळ्यानं कोरलेली अक्षरं वर आली: ‘फक्त लाल’.

मृदुला बघतच राहिली. मग तिनं काकांचं तेलकट बोट धरलं आणि त्या अक्षरांवरून हळूच फिरवलं.